पायाळूचं यंत्र

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. पाठीत उसण भरली की आळीतल्या बायका माझा पाय पाठीला लावून घ्यायच्या, तिथवर ठीक होतं. पण मी नऊ वर्षांची असताना काकाने भर दुपारी माझ्या डोळ्यांत अंजन घातलं आणि गावाबाहेरच्या माळावर मला अनवाणी फिरवलं. "दिसतंय का गं?" दर दहा पावलांवर तेच. डोळे झोंबत होते, घरी जायचं होतं. एका जागी तळपाय गार पडले, म्हणून मी तिथे बोट दाखवलं. कमरेएवढ्या खड्ड्यातून तान्ह्या बाळाचा चांदीचा वाळा निघाला. त्याच्याबरोबर जे होतं ते पाहून काकाने घाईघाईने माती लोटली. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा कुणासाठी असं चालायचं नाही, आणि मी पायाळू आहे हे यापुढे परक्या कुणाला कळूही द्यायचं नाही.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले. नवरा सॉफ्टवेअरवाला. आठवडाभर फ्रीवे आणि स्क्रीन, त्यामुळे शनिवार-रविवारी त्याला कसलं तरी खूळ लागायचंच. त्या वर्षी सोनं शोधायचं खूळ होतं. जिथे एके काळी सोन्यासाठी झुंबड उडाली होती, त्या डोंगराच्या पायथ्याशी मेटल डिटेक्टरचं एक दुकान होतं. त्याला मी नाही म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून पराठ्यांचा डबा घेऊन मुकाट्याने गाडीत बसले.

दुकानदार म्हातारा होता, मोजकं बोलणारा. म्हणाला, इथली माती लोहाने भरलेली, स्वस्त यंत्र मातीलाच सोनं समजून ओरडत बसतं. नवशिक्याने मातीचा आवाज आपोआप दाबणारं यंत्र घ्यावं, आणि बारीक कणांसाठी खालची तबकडी लहान असावी. नवऱ्याने त्यातलं सगळ्यात चांगलं उचललं. "हेच घेऊ यार, कॉम्प्रमाइज नको." मला हायसं वाटलं. यंत्र जितकं हुशार, तितकी मी सुटले.

दुकानामागे लाल मातीचा मोकळा तुकडा होता. त्यात गव्हाएवढा एक कण पुरलाय, शोधून बघा, असं म्हातारा म्हणाला. नवरा हेडफोन लावून यंत्र डावीकडून उजवीकडे झुलवत राहिला. वारा पडला होता. एवढी पाइनची झाडं, पण एकही पाखरू बोलत नव्हतं. मी कुंपणापाशी उभी होते. चपलेखाली तापलेली माती, आणि माझे तळपाय गार पडले. मी दोन पावलं सरकले तर ऊब लागली. परत आले तर पुन्हा गार. म्हातारा माझ्या पायांकडे बघत होता.

"बाई, तुम्ही बरोबर त्याच्यावरच उभ्या आहात," तो इंग्रजीत हळूच म्हणाला.

"योगायोग," मी म्हटलं. पण आवाज माझा मलाच खोटा वाटला.

म्हाताऱ्याने माझ्या पायांकडे बोट दाखवून खूण केली, तसा नवरा आला. मी बाजूला झाले, त्याने तबकडी तिथे धरली, आणि यंत्राने बारीक, लांबलचक सूर काढला. त्याने हेडफोन उतरवला.

"म्हणजे तुझ्या आई सांगत होत्या ते खरं?"

"काय सांगत होती?"

"फोनवर म्हणाल्या होत्या, मुलगी पायाळू आहे, जपा. मी हसण्यावारी नेलं होतं."

आईचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं असेल, एवढ्या लांब कोण विश्वास ठेवणार. नवरा आत गेला. ते चांगलं यंत्र त्याने पुन्हा फळीवर ठेवलं आणि दाराजवळच्या ढिगातलं सगळ्यात स्वस्त खोकं उचललं. म्हाताऱ्याने मान हलवली.

"अहो, हे तर नुसतं ओरडेल," मी म्हटलं.

"ओरडू दे गं. खणायच्या आधी खात्री करायला एवढं पुरे," नवरा म्हणाला. "तू आहेस ना."

आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमाने, तो मला दुकानापलीकडच्या ओढ्याच्या वाटेकडे नेऊ लागला.