मल्हाररावांचा हवेचा काटा

तर हवा सांगणारं तिसरं यंत्र घरात आलं, इथवर काल गोष्ट आली होती. मल्हाररावांनी ते रुमालात गुंडाळून आणलं, आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी दारातच अडवलं.

"अहो, आपल्या या दाना ओली गल्लीवर आभाळ एकच आहे ना? मग त्याच्यावर तीन तीन पहारेकरी कशाला?"

मल्हारराव पाटबंधारे खात्यात कारकून. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, साहेब बदलले, कागदांवरचे शिक्के बदलले. पण सकाळी आठला हवा टिपून घेतल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नेम काही बदलला नाही. भिंतीवर तिघं ओळीनं टांगलेले. लंडनच्या बॅरोमीटरला पितळी कडा, पांढरीशुभ्र तबकडी, आणि काट्याभोवती इंग्रजीत 'स्वच्छ', 'बदल', 'पाऊस', 'फार पाऊस'. कलकत्त्याच्या बॅरोमीटरचे आकडे एवढे ठळक की रस्त्यावरून वाचून घ्यावेत, पण काटा असा सुस्त की पाऊस पडून गेल्यावर वर्दी देणार. आणि हे तिसरं जर्मन: लाकडाचं इवलंसं घर, त्याला दोन दारं. हवा कोरडी असली की एका दारातून बाई बाहेर येते, दमट झाली की दुसऱ्यातून बाप्या.

"रणरणत्या उन्हात बाईनं बाहेर राहायचं, आणि गारवा आला की साहेब फिरायला निघणार," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "हे मात्र अगदी आपल्या घरचं दिसतंय हं."

मल्हाररावांनी टोमणा ऐकला नाही. ते वही आखत होते. वर्षभर त्यांनी तिघांची रोज परीक्षा घेतली आणि लंडनवाल्याला पहिला नंबर दिला.

मग छप्पन साली मध्य प्रदेश झाला, राजधानी गेली भोपाळला, आणि राजधानीमागून मल्हाररावांचं टेबलही. ठरलं असं, की त्यांनी पुढे जाऊन सरकारी क्वार्टर ताब्यात घ्यायचं आणि कुमुदिनीबाईंनी दोघी मुलींना घेऊन मागून जायचं. डिसेंबरअखेर खोल्या सोडतो म्हणून घरमालकाला कळवलंसुद्धा. नवे भाडेकरू येऊन पडद्यांसाठी खिडक्या मोजून गेले. मल्हारराव निघाले ते लंडनवाला मांडीवर घेऊनच.

आठवड्यानं पत्र आलं. 'क्वार्टर मिळालं. कौलं बरीच फुटकी. काटा फार पावसावर आहे. मुलींना घेऊन इतक्यात निघू नये.' मग दुसरं. 'ऊन पडतं आहे, पण काटा तिथेच. पाऊस वर तुंबला असावा. थांब.' आणि तिसरं. 'काटा तसूभर हललेला नाही. कचेरीत लोक हसतात. हसू देत.'

इकडे वीस तारीख उजाडली. गाद्या बांधलेल्या, भांडी पोत्यात, स्वयंपाक एका पातेल्यावर. कुमुदिनीबाई पत्रं पुन्हा पुन्हा वाचत. एवढा पाऊस येणार, तर तो एकट्या यांनाच कसा ठाऊक? की आम्ही तिथं यायलाच नको आहे यांना? हा दुसरा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. शेवटी तिन्ही पत्रं घेऊन त्या शेजारच्या संभाजीकाकांकडे गेल्या. काका पूर्वी संस्थानाच्या तोफखान्यात होते.

काकांनी चष्मा लावून पत्रं वाचली आणि असे हसले, असे हसले, की मफलर सुटून मांडीवर पडला.

"सूनबाई, मल्हाररावानं काटा भोपाळच्या उंचीला लावून घेतला का?"

"काटा लावून घ्यायचा असतो?"

"मग! भोपाळ आपल्याहून हजारेक फूट उंच. वर चढलं की हवा विरळ, हवा विरळ झाली की काटा खाली. आम्ही डोंगरात तोफा चढवायचो तेव्हा याच काट्यावरून उंची ताडायचो. पाठीमागे बारीकसा स्क्रू असतो, तो फिरवला की झालं. पठ्ठ्यानं वर्षभर यंत्राचं तोंड न्याहाळलं, पाठ काही पाहिली नाही!"

"म्हणजे पाऊस नाही?"

"थेंब नाही! तो हजार फूट वर जाऊन बसलाय, आणि समजतोय आभाळ फाटणार."

कुमुदिनीबाईंना आधी हायसं वाटलं, मग संताप आला, आणि घराची पायरी चढेपर्यंत हसू फुटलं. तिथंच पोत्यावर बसून त्यांनी कार्ड लिहिलं. 'पाऊस येत नाही, तुम्ही उंचावर गेला आहात. यंत्राच्या पाठीला स्क्रू आहे, तो फिरवावा. मी मुलींसह पुढच्या शनिवारच्या गाडीनं निघते. काट्याला विचारू नये; कौलं शाकारून ठेवावीत.'

उत्तर चौथ्या दिवशी आलं. नेहमीचा मायना नाही, हवेचे आकडे नाहीत. एवढंच:

"स्क्रू सापडला. काटा 'स्वच्छ'वर आला. कौलं शाकारली. अवश्य ये. मी स्टेशनवर छत्री घेऊन उभा असेन, हसू नकोस. इतके दिवस काट्याचा शब्द मानला, आता एकदम तुझं ऐकलं तर त्याला काय वाटेल?"