आता काय कराल, काका?

आमच्या नाशिक रोडच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक कारकून राहतो. हापिसातून आला की कॉम्प्युटरवर साहसाचे गेम बनवतो. पडद्यावर गोष्ट येते, पुढं काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. गेम एकही पुरा होत नाही, कारण याला नाद फक्त सुरुवातीचा. जिन्यात गाठणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि विचारणार, "काका, तुम्ही गुहेत जागे झालात. पायात बेडी आहे. आता काय कराल?"

"तुला शिव्या देईन," मी म्हणायचो. तो तेसुद्धा टाईप करायला वर पळायचा.

बायको गेल्यावर मी घरात गॅस पेटवला नाही. चहादेखील टपरीवर प्यायचो. लोक येऊन देवाची मर्जी सांगून गेले. हा आला, मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाला, "काका, चहा प्यायचाय. पत्ती कुठंय ते माहीत नाही. आता काय कराल?"

"तुझं डोकं फोडीन."

"आधी डबा तर उघडा."

उघडला तर मोहरी. दुसऱ्यात साबुदाणा. जन्मभर या घरात जेवलो, पण एक डबा ओळखीचा नाही. पत्ती बिस्किटाच्या डब्यात निघाली, पुडीला हिनंच रबर लावलेलं. मी खालीच बसलो. मग मी उठून गॅस पेटवला.

परवा म्हणाला, "काका, नवा गेम तसाच सुरू केलाय. म्हातारा, स्वयंपाकघर. पण लोक कंटाळतात. पत्ती पहिल्याच डब्यात ठेवू का?"

"खबरदार," मी म्हणालो. "शोधू दे त्याला."