विहिणीचं कडवं

मुलाकडे नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला राहायला आले तेव्हा शेजारीण मला आवडली होती, हे आधीच सांगते. उंच डच बाई, लांब नाक, आणि गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं एक जुन्या काळचं वाद्य. एकदा मी ओट्याशी आईची ओवी गुणगुणत होते, तर ही कुंपणापाशी कान देऊन उभी. तिचा पाच जणांचा संच. युरोपातलं जुनं संगीत आणि ठिकठिकाणची लोकगीतं ते एकत्र बांधायचे. म्हणाली, शिकवा, मैफलीत तुम्हीच गायचं.

मग काय, हिवाळाभर बसलो. आईचा गंधार ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी. त्या वाद्याला तातीचे पडदे बांधलेले असतात, सतारीसारखे सरकतात. माझा गंधार सापडेपर्यंत तिनं ते सरकवले. सापडला तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी. शब्दांचा अर्थ मात्र एकदाही विचारला नाही बरं का.

मैफल जवळ आली तशी ती एक तरुण गायिका घेऊन आली. आता गाणार ही. माझा आवाज म्हणे थकलेला; मी पहिल्या रांगेत बसायचं, शेवटी मला फुलं देणार. आईची ओवी, आणि मी टाळ्या वाजवायच्या. वर म्हणते, गाणं छोटं पडतंय, आणखी एक कडवं द्या.

दिलं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत विहिणीला गाण्यातून चिमटे काढतात ना, तसलं. भाजी निवडता निवडता रचलं:

*दळण दळीयेलं माझ्या गं मायबाईनं*
*पीठ चोरून नेलं लांबनाक्या विहीणबाईनं*

गायिका गुणी पोर. ‘ळ’ जिभेवर बसेना, तो मी मायेनं बसवून घेतला.

मैफलीला इथली आपली इंजिनियर मंडळी बायकापोरांसह आलेली. नाक आलं मात्र, मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग रांगच्या रांग. डच मंडळी गंभीर. गायिका मन लावून गात होती, गंधार अगदी आईचा. शेजारणीचा गज अडखळला. मुलानं मान खाली घातली. मी नाही घातली.

नंतर ती फुलं घेऊन आली आणि लोक का हसले ते विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत शब्दन् शब्द सांगितला, नाकासकट.

लाल होत म्हणाली, “हे तुम्ही मला तोंडावर सांगायचं होतंत.”

“सांगितलं की,” मी म्हटलं, “तुमच्याच वाद्यावर.”

फुलं मी घेतली. चांगली आठवडाभर टिकली.

आता त्यांना ते गाणं रेकॉर्ड करायचंय. दर दोन-चार दिवसांनी ती दार वाजवते, नाकाच्या कडव्याच्या जागी दुसरं कडवं मागते. मुलगा म्हणतो, आई, देऊन टाक गं. मी तिला आत बोलावते, बसवते, आलं घातलेला चहा देते.

कडवं देत नाही.