ग्रुपच्या फोटोतली म्हैस

आमच्या ग्रुपला माहीत नाही असा विषय जगात नाही. कुठल्याशा मोठ्या खटल्याचा निकाल लागला, की निकालपत्र छापून व्हायच्या आत तो कुठं चुकला हे आमच्याकडं ठरलेलं असतं. मोबाईलच्या टॉवरमुळं चिमण्या गेल्या आणि पुरुषांचे केसही. हेल्मेटची सक्ती घटनेच्या विरोधात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळं वकील उपाशी मरणार आणि डॉक्टर त्यांच्या मागोमाग. एकाचं मत पडलं की बाकीच्यांचे अंगठे पडतात, आणि अंगठे पडले की तो विषय कायमचा निकालात निघतो. मी शाळेत भूगोल शिकवला. प्रश्न न वाचता पानभर उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे पेपर आयुष्यभर तपासले. ही मुलं पुढं जातात तरी कुठं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. ती सगळी ह्या ग्रुपवर आहेत.

ग्रुप दूध कट्ट्याचा आहे. कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला म्हशी बांधलेल्या असतात. आपण ग्लास घेऊन उभं राहायचं, म्हशीवाला समोर धार काढून देतो, आणि ते कोमट दूध फेसासकट तिथंच प्यायचं. तालमीतली पोरं येतात, दुकानं बंद करून व्यापारी येतात, पेन्शनर येतात. मी पेन्शनीत निघाल्यावर जायला लागले. सुरुवातीला एक बाई ग्लास घेऊन पुरुषांत उभी राहते याचं दोघातिघांना अवघड वाटलं. मला नाही वाटलं.

आमचा म्हशीवाला चाळिशीचा. त्याचा आजा ह्याच कोपऱ्यावर म्हशी बांधायचा, मग बाप, मग हा. चार म्हशी, त्यातली एक त्याची विशेष लाडकी. शिंगं मागं वळून पाठीला टेकलेली, कातडी अशी की हात निसटावा. दिवाळीच्या पाडव्याला तो तिची शिंगं रंगवायचा, मोरपिसं बांधायचा, आणि स्वतः मोटारसायकलवर बसून पुढं निघायचा. गाडीचा आवाज ओळखून ती गर्दीतून त्याच्या मागं पळत यायची. त्या दिवशीचा तिचा एक फोटो आमच्या ॲडमिननं ग्रुपला लावला. ॲडमिन म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. धार काढणं तर सोडाच, म्हशीच्या शेपटीला भिऊन दोन हात लांब उभं राहणारा माणूस. पण ग्रुपवर ‘आपली म्हैस, आपला अभिमान’ हे त्यांनीच लिहिलं.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं आणि एका संध्याकाळी महापालिकेच्या ऑफिसचा शिपाई नोटीस घेऊन कट्ट्यावर आला. भला माणूस होता. त्यानं नोटीस पुढं केली आणि तोंडानंही समजावून सांगितलं, “पावणं, धंदा बंद करायचा न्हाय. मंडईच्या मागं जागा द्यायलेत, सावलीची, पाण्याचा नळबी हाय. बुधवारी सुनावणी हाय. गल्लीतली दोन माणसं संगं आणायची, ती म्हणली पायजेत, हा हितं जुना हाय म्हणून. बास. सही करा आणि घ्या.”

दोन माणसं. एवढंच. आम्ही तेव्हा तिथं ग्लास घेऊन निदान दहाजण उभे होतो, आणि सगळ्यांनी हे कानांनी ऐकलं.

म्हशीवाल्यानं हात धोतराला पुसून पुढं केला होता. तेवढ्यात आमचे कोर्टवाले मध्ये पडले. त्यांना कोर्टवाले म्हणायचं कारण त्यांचा भावाशी वाटणीचा दावा चाललेला आहे, ते म्हातारे झाले तरी संपेना. स्वतःचा दावा सुटत नाही म्हणून ते दुसऱ्यांना सल्ला देतात. म्हणाले, “हात लावू नगंस. नोटीस घेतलीच न्हाय, तर नोटीस आलीच न्हाय. कायदा हाय ह्यो.” लगेच चारपाच माना हलल्या. शिपायानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “अरे, घे ती, काय चावत नाही.” पण पुढं आलेला हात मागं गेला. शिपायानं नोटीस विजेच्या खांबाला चिकटवली आणि तो गेला. खांबाला नोटीस डकवली की ती पोचली असं धरतात, हे आमच्या शाळेच्या जागेच्या भानगडीत मी बघितलेलं होतं. तेही मी सांगितलं. कोर्टवाले हसले आणि म्हणाले, “बाई, भूगोल येगळा आणि कायदा येगळा.”

घरी पोचेपर्यंत ग्रुप पेटलेला होता. ‘कोल्हापूरचं दूध बंद पाडण्याचा डाव.’ कुणी सांगितलं होतं बंद करायला? पण पिशवीच्या दुधाच्या कंपन्यांचा हात यामागं आहे, हे पुढच्या पाच मिनिटांत सिद्ध झालं. एकानं परदेशातल्या गायींचा व्हिडिओ टाकला. एकानं राज्यघटनेतलं कलम टाकलं, दुसऱ्यानं ते दुरुस्त केलं, तिसऱ्यानं दोघांना अडाणी म्हटलं. मोबाईलच्या दुकानाचा मालक, जो सातवीत माझ्याच वर्गात होता आणि नकाशात कृष्णा उलटी वाहवायचा, त्यानं फोनला प्रश्न विचारून तीन पानी उत्तर काढलं. त्यात म्हशींच्या पारंपरिक हक्कांचा कुठलातरी कायदा होता. मी विचारलं, हा कायदा कुठं मिळेल वाचायला? त्यानं लिहिलं, ‘बाई एआय चुकत नाही.’ त्याला सोळा अंगठे आले. चार दिवस हे चाललं. मंडईमागची सावली, नळ आणि बुधवार, ह्या तीन गोष्टींचं नाव कुणी काढलं नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वर ढेकर देणारे एवढे.

आणि खांब तर कट्ट्यापासून पाच पावलांवर होता. त्यावरची नोटीस वाचायला ह्यातला एकजण गेला नाही. मी गेले. शिपाई बोलला तेच त्यात होतं, शब्द जरा जड होते.

मंगळवारी मी म्हशीवाल्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “उद्या मी येते तुझ्याबरोबर. आणखी एकजण बघ. गल्लीतला कुणीही चालेल.”

तो हसला. “एक कशाला बाई? आख्खा ग्रुप पाठीशी हाय की.” त्यानं मला फोन दाखवला. त्यानं दुपारी लिहिलं होतं, ‘उद्या अकराला कोण कोण येनार’. खाली अंगठ्यांची रांग. मुठी, वाघ, भगवे झेंडे. ‘भावा तू फक्त आवाज दे.’ ‘काय विषय नाही.’ ‘नाद करायचा नाय.’ ॲडमिननी लिहिलं होतं, ‘संपूर्ण कट्टा तुझ्यासोबत आहे.’ त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मला त्या सगळ्यांचे अंगठे पट्टीनं फोडावेत असं वाटलं. पण दुसरा माणूस मीही शोधला नाही. एवढ्या लोकांनी होकार दिलाय, त्यातला एक तरी येईलच की, असं मलाही वाटलं.

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिशात आज्याचा एक जुना फोटो होता, त्यात कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड ओळखू येत होतं. ऑफिसच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं उभे. दुसऱ्या कट्ट्यांवरचे म्हशीवालेही आलेले, प्रत्येकाबरोबर दोघं तिघं, कुणाचा शेजारी, कुणाचा न्हावी, एकाची तर अख्खी तालीम. त्यांना ग्रुप नव्हता बहुतेक. ते आत जायचे, बोलायचे, सही करायचे आणि हसत बाहेर यायचे.

आमचा नंबर आला. टेबलामागं एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी फोटो बघितला, माझं म्हणणं लिहून घेतलं, मी सही केली. मग म्हणाल्या, “दुसरे कोण?”

म्हशीवाल्यानं मागं वळून दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.

“येतायत,” तो म्हणाला.

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबते,” बाई म्हणाल्या. “कुणालाही आणा, फक्त गल्लीतला हवा. नोटीस घेतली नव्हती तुम्ही, तेही मी सोडून देते.” यापेक्षा जास्त माणसानं काय करायचं?

मी ग्रुपवर लिहिलं: ‘फक्त एकजण हवा आहे. ताबडतोब या. सही करायची आणि परत जायचं.’

एका मिनिटात फोन थरथरायला लागला. मला वाटलं, निघाले. बघते तर कोर्टवाल्यांनी लिहिलं होतं, ‘दोन साक्षीदारांची अट बेकायदेशीर आहे. हरकत नोंदवा.’ मोबाईलवाल्यानं फोनला विचारून कळवलं की साक्ष व्हिडिओ कॉलवरही घेता येते, बाईंना सांगा. कुणी लिहिलं, ‘अधिकाऱ्याचं नाव काय, चौकशी लावू.’ कुणी लिहिलं, ‘व्हिडिओ काढा, व्हायरल करू.’ एकानं विचारलं, ‘पार्किंग आहे का तिथं?’ आणि तो सुद्धा आला नाही.

मी ॲडमिनना फोन लावला. त्यांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. म्हणाले, “बाई, मी मुख्यमंत्र्यांना निवेदन लिहितोय. त्यातच गुंतलोय.” कोर्टवाल्यांना लावला. ते म्हणाले, “आपला दावा चालू हाय, आपुन कुठं साक्षीला सही करत न्हाय. वकिलानं सांगितलंय.” म्हणजे दुसऱ्याला फुकटचा कायदा शिकवायचा आणि आपण मात्र वकिलाचं ऐकायचं. मोबाईलवाल्याचा फोन लागलाच नाही. पण ग्रुपवर तो होता. त्याची हिरवी अक्षरं मला दिसत होती, ‘टाइप करत आहे’.

मी म्हशीवाल्याला म्हटलं, मी रिक्षा करून जाते आणि गल्लीतल्या कुणालातरी धरून आणते. गेले. इस्त्रीवाल्याचं दुकान बंद, किराणावाला लग्नाला गेलेला, दोन बायका घरात, पण घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय ऑफिसात यायला तयार नव्हत्या. कट्ट्याच्या पारावर मात्र आमचे तिघे सभासद बसलेले होते, मान खाली घालून, फोनमध्ये. मला बघून एकजण म्हणाला, “बाई, काय झालं हो? आमी ग्रुपवर बघायलोयच.” उठा म्हटलं तर तिघं एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक शेवटी चप्पल शोधायला घरात गेला. ती चप्पल मिळेपर्यंत ऑफिसची सुट्टी झाली.

जागा अर्थात मिळाली. सरकार कुणाला वाऱ्यावर सोडत नाही, ते कळंब्याकडं धाडतं. मंडईमागच्या जागा साक्ष झालेल्यांना गेल्या, आणि ज्यांचं काही ठरलं नाही त्यांना शहराबाहेर एक पटांगण. तिथं ग्लास घेऊन संध्याकाळी कोण जाणार? मी जात होते, आठवड्यातून दोनदा, बसनं. बाकी कुणी नाही. ग्रुपवर ‘न्याय मेला’ असं काळ्या चौकटीत आलं, दोन दिवस सगळ्यांनी रडके चेहरे टाकले, आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेटच्या पंचाला बडतर्फ करायचा विषय निघाला. उन्हाळा लागताना एकानं विचारलं, ‘खात्रीची धार कुठं मिळेल सध्या?’ झरझर उत्तरं आली. मंडईच्या मागं या, सावली आहे, नळ आहे.

हे म्हशीवाल्यानंही वाचलं असणार. तो अजून ग्रुपवर होता. बाहेर पडलो तर राग धरला असं लोक म्हणतील, म्हणून पडला नव्हता. राग धरायची लाजही त्यालाच.

पावसाच्या आधी मी शेवटची गेले तेव्हा पटांगणात दोनच म्हशी होत्या, आणि तो डेअरीचा कॅन धूत होता. लाडकी दिसली नाही. त्यानंच सांगितलं, शिरोळकडच्या एका शेतकऱ्याला दिली. चांगला माणूस आहे, वैरण भरपूर आहे. गाडीत चढेना, म्हणून ह्यालाच आपली मोटारसायकल चालू करून टेम्पोच्या पुढं उभी करावी लागली. आवाज ऐकल्यावर चढली.

मग तो म्हणाला, “बाई, एक काम कराल? ग्रुपवरचा तिचा फोटू तेवढा काढाय सांगा की. फोन हातात घेतला की तीच बघतीया माझ्याकडं. मला लिवायला बरं वाटंना.”

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. कारणासकट, साध्या मराठीत, सातवीच्या मुलाला कळेल असं. ॲडमिननं फक्त बोट दाबायचं होतं.

कोर्टवाल्यांनी कळवलं की जनावर विकल्यावर त्याच्या फोटोवर मालकाचा हक्क उरत नाही. मोबाईलवाल्यानं फोनला विचारलं, फोन म्हणाला सार्वजनिक ठिकाणी काढलेल्या फोटोला परवानगी लागत नाही. एकानं खासगीपणाचा कायदा काढला, तो म्हशींना लागू होतो का यावर रात्रीच्या जेवणापर्यंत चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, ही म्हैस आता कुणा एकाची नाही, ती कोल्हापूरची ओळख आहे. त्याला सर्वांत जास्त अंगठे आले. शेवटी ॲडमिननी लिहिलं, आपला ग्रुप लोकशाही मानतो, आपण मतदान घेऊ.

मतदान झालं. फोटो ठेवावा, हे बहुमतानं ठरलं. काढावा म्हणणारी दोन मतं होती. एक माझं आणि एक त्याचं.