पडला त्यानं लगाम धरायचा

कोंडीबाला बिराप्पाचं काय काय बघवत नव्हतं, ते सांगत बसलं तर सांज होईल. त्याची मिशी बघवत नव्हती, फेटा बघवत नव्हता, जत्रेच्या फ्लेक्सवरचा हात जोडलेला फोटो तर मुळीच नाही. बिराप्पा म्हणजे त्याचा धाकटा चुलतभाऊ. बांधाला बांध, दाराला दार, दोघांची मेंढरं एकाच माळावर. पण कोंडीबाचं दुखणं बांधाचं नव्हतं आणि मेंढरांचंही नव्हतं. ते होतं खोगिराचं.

औंधाच्या पूर्वेला, पळसमाळात, बिरोबाची जत्रा भरते. त्या दिवशी देव घोडीवरून विहिरीला अंघोळीला जातो. देव म्हणजे चांदीचा टाक. तो छातीशी बांधून घोडीवर बसायचा मान या एकाच भावकीचा. नियम साधा आणि तितकाच निर्दय: वाटेत जो घोडीवरून पडला, त्याचा मान तिथंच संपला, खोगीर दुसऱ्या घराला. मग पडलेल्यानं काय करायचं? त्यानं लगाम धरून पायी चालायचं आणि वर्षभर घोडी आपल्या दारात सांभाळायची. वर बसलेला पडेल तेव्हाच त्याची सुटका.

कोंडीबा पडला तो एका छत्रीपायी. तेव्हा चाळिशीतला गडी, मांड अशी पक्की की चालत्या घोडीवर बसून तंबाखू मळायचा. वेशीजवळ कुणा पाहुण्याला ऊन लागलं, त्यानं फाटकन काळी छत्री उघडली. घोडी बुजली, आडवी उडाली, आणि हा पठ्ठ्या तळहातावर तंबाखू घेऊन धुळीत! अजून कुणी उन्हाची छत्री उघडली की पारावरनं हाक येते, "कोंडीबा, जपून रं गड्या!"

त्याला बावीस वर्षं झाली. बिराप्पा तेव्हा वर बसला तो बसलाच.

त्याला बसता येत असतं तर कोंडीबानं एक वेळ सोसलं असतं. पण बिराप्पाला घोडीवर बसता येतच नव्हतं हो! जनावर बुजलं की अंग सैल सोडायचं, वजन टाचेत उतरवायचं, लगाम जरा ढिला द्यायचा आणि नजर त्याच्या दोन कानांमधून पुढं ठेवायची. हा काय करायचा? पोटऱ्या आवळायचा, लगाम खेचायचा आणि डोळे मिटायचा. घोडी आणखीच भडकायची, तरी हा वरच. कोंडीबा खालून दरसाल बघायचा, मनात म्हणायचा, आता पडतोय, आता पडतोय. कसलं काय! विहीर यायची, देवाची अंघोळ व्हायची, आणि बायाबापड्या बिराप्पाच्या पायावर डोकं ठेवायच्या.

यंदा तर कहरच झाला. विट्याहून एक मोबाईलवाला आला आणि त्यानं बिराप्पाची मुलाखत घेतली. घोडी बुजली तर काय करता, असं विचारल्यावर बिराप्पा मिशीला पीळ देत म्हणाला, "काय न्हाई, छातीत धमक पायजे. बाकी देव राखतोय." अंजनानं, म्हणजे कोंडीबाच्या बायकोनं, तो व्हिडिओ नेमका नवऱ्याच्या जेवणाच्या वेळी लावला. घास कोंडीबाच्या तोंडातच फिरला.

"धमक म्हणं! एसटीत बसला तर ओकतंय हे."

"मग पडत का न्हाई ते?"

"नशीब भाड्याचं. दुसरं काय?"

अंजनानं तव्यावरची भाकरी उलटली. "नशीब कशाचं आलंय? आवं, घोडी तुमची. भरडा तुमच्या हातचा खाती, खरारा तुमच्या हातचा. ती बुजली की तुमी तिच्या मानंवर हात ठेवता, कायबाय पुटपुटता, आन ती गप हुती. त्यो तुमच्या जिवावर बसलाय वर. साऱ्या गावाला दिसतंय, तुमालाच दिसंना."

कोंडीबा हात न धुताच उठला आणि गोठ्यात गेला. घोडी, कवडी तिचं नाव, त्याच्या खांद्याला तोंड घासू लागली. आधी हिची आई, आता ही. बावीस वर्षं आपणच त्या बिराला वर बसवून ठेवलंय, आपल्याच हातानं, आपल्याच तोंडानं! त्याला स्वतःचा राग आला आणि नेहमीसारखा तो वळून बिराप्पावरच गेला. तिथंच त्यानं ठरवलं. घोडीला टोचायचं नाही, दचकवायचं नाही, मुक्या जिवाशी तसलं पाप नको. फक्त गप राहायचं. हात खाली, तोंड बंद. गप राहिल्याचं पाप कुठल्या देवानं लिहून ठेवलंय?

जत्रेला गावचाच धनाजी आला. तामिळनाडूत त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे, आणि गावी येताना तो दरसाल काहीतरी नवं खूळ घेऊन येतो. यंदा त्यानं कागद उडवायच्या नळ्या आणल्या होत्या. धडाम आवाज, आणि आभाळभर चमकीचे तुकडे. ढोल-कैताळाला कवडी कधी घाबरली नाही, ते ती शिंगरू असल्यापासून ऐकत आलेली. पण वेशीपाशी पहिला बार उडाला आणि ती जागच्या जागी थरथरली. कान मागं पडले, डोळे पांढरे झाले.

कोंडीबाचा हात सवयीनं वर गेला. त्यानं तो खाली ओढला. ओठावर आलेलं "हो बाय, हो" गिळून टाकलं. कवडीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, तर त्यानं नजर चुकवली. तेवढ्यात दुसरा बार उडाला. घोडी आडवी उडाली, बिराप्पानं पोटऱ्या आवळल्या, लगाम खेचला, डोळे मिटले आणि भद्दिशी खाली आला.

ढोल थांबले. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. बिराप्पा उठून बसला, हाडं शाबूत होती. गुंडा पुजाऱ्यानं त्याच्या छातीवरचा टाक सोडला आणि कोंडीबाकडं वळला. "देव वाटंत थांबत न्हाई. चढ कोंडीबा."

कोंडीबाला एवढा आनंद झाला की त्याचे कान तापले. साठी उलटलेला गडी, पण टाक छातीशी बांधताच रिकिबीत पाय टाकून एका दमात वर गेला. बावीस वर्षं त्यानं खालून फक्त बिराप्पाची टाच बघितली होती. आज फेटे दिसले, टोप्या दिसल्या, माना वर करून बघणारी अख्खी गल्ली दिसली. आता मेलो तरी चालंल, असं त्याला वाटलं. गर्दीतून कुणीतरी भंडारा उधळला. बिराप्पानं कपडे झटकले आणि नियमाप्रमाणं पुढं येऊन लगाम धरला.

वीस पावलं गेली असतील. कवडीचं अंग मांडीखाली कापत होतं. कोंडीबानं टाच खाली दाबली, पण आखडलेल्या गुडघ्यानं ती जाऊ दिली नाही. सगळं ठाऊक होतं, अंग मात्र ऐकत नव्हतं. "हो बाय, हो," तो वरून म्हणाला. कवडीनं आवाज ऐकला आणि मान खाली वळवली, लगामापाशी. ती त्याला तिथं शोधत होती. तिथं बिराप्पा होता.

समोर, गल्लीच्या तोंडाशी, धनाजीची माणसं नळ्या हातात घेऊन उभी होती.

"बिरा," कोंडीबा वाकून हळूच म्हणाला, "तिच्या मानंवर हात ठेव रं. कायतर बोल तिच्यासंगं."

बिराप्पानं वर बघितलं. गालाला धूळ, मिशीत भंडारा. ही असली नजर कोंडीबानं दुसऱ्याच्या डोळ्यात कधी बघितली नव्हती, पण ओळखली लगेच. ती त्याचीच होती.

"मला ठावं हुतं दादा, मी कुणाच्या जिवावर बसलोय ते," बिराप्पा म्हणाला. "दरसाल वरनं तुझं पुटपुटणं ऐकत हुतो. आज का गप बसलास, तेवढं सांग. मग बोलतो तिच्यासंगं."

कोंडीबानं नजर घोडीच्या दोन कानांमधून पुढं ठेवली. बिराप्पानं मोकळा हात कमरेवर ठेवला आणि तो लगाम धरून चालू लागला. पुढं धनाजीनं हात वर करून इशारा केला.