माळ्यावरून तीन टकटक

आधी आल्या त्या शेजारच्या निकमवहिनी. पाहुणे अजून द्वारका चौकातल्या सिग्नलला, आणि ह्या वाटी घेऊन आमच्या दारात... विरजण पाहिजे म्हणे. दूधवाल्याकडून दही घेताना मी आदल्याच संध्याकाळी पाहिलं होतं त्यांना. पण त्यांनाही माझी नात बघायची होती, म्हटलं बसा.

माझी शाळा चौथीपर्यंत. इथलं हे खातं निकमवहिनींच्याच नातीनं उघडून दिलंय. एकेक अक्षर शोधून लिहिते, चुकलं तर समजून घ्या.

तर विजू, माझा मुलगा, हैदराबादला नोकरीला असतो. ह्याचे वडील जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून विजू यायचा तो एका रात्रीपुरता... सकाळी चहा झाला की बॅग खांद्याला. वडिलांची टोपी अजून खुंटीला आहे, तिच्याकडे तो बघायचासुद्धा नाही. तो गेल्यावर चहाचे कप दुपारपर्यंत तसेच पडायचे, विसळायला हात उचलायचा नाही.

ह्या मे महिन्यात मात्र चांगला चार दिवसांसाठी आला. सूनबाईला रजा नव्हती, तर मिनूला एकटाच घेऊन आला. मिनू सहा वर्षांची. समोरचे दोन दात पडलेत, त्यामुळे शंकरपाळी बाजूच्या दातांनी खाते... आणि खाते म्हणजे किती. डबा तळाला लागला. असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेमकी लाईट होती. मिनूनं बरोबर आणलेली सीडी लावली. इंग्लिश पिक्चर, पण बोलतात हिंदीत. त्यात एक बागुलबुवा... हो, आपला लहानपणीचाच, फक्त त्यांच्याकडचा. पोरं आता भीतच नाहीत म्हणून हा बसून रडतो. बायको त्याला बोलते, घरात पडून राहता, जरा बाहेर जाऊन कुणाला घाबरवा. शेवटी एक मुलगी त्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायला नेते. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी. आमच्या बागुलबुवाला बायको असते हेच मला माहीत नव्हतं.

पिक्चर संपला आणि मिनू म्हणाली, "आजी, तुझ्याकडे पण आहे ना बागुलबुवा?"

आता हे तिला विजूनंच सांगितलेलं असणार. होता आमच्याकडे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, फराळाच्या डब्यांशेजारी. खरं तर मीच बसवला होता त्याला तिथं, नाहीतर विजूनं दिवाळीचा चिवडा दिवाळीच्या आधीच संपवला असता.

मी बसवला, पण चालवला ह्यांनी. सातपूरच्या कंपनीतून पहिली पाळी करून यायचे, हातपाय धुवायला मोरीत जायचे आणि आतून छत्रीच्या दांड्यानं माळ्याच्या फळीला ठोकायचे, माळा मोरीवरूनही गेलाय ना. ठक... ठकठक. एक लांब, दोन जवळजवळ. विजू स्टुलावरून उडी मारून माझ्या पदरात. आणि हे टॉवेलनं तोंड पुसत बाहेर यायचे, काय झालं रे म्हणून विचारायला. एवढा कष्टाचा माणूस, पण त्या वेळी चेहरा बघावा... जत्रेतून आलेल्या पोरासारखा.

मिनूला काय सांगू कळेना. नाही म्हणावं तर पोर हिरमुसणार. आहे म्हणावं, तर तो चार वर्षांपासून गप्प आहे हे कसं सांगू.

माझं ठरेपर्यंत तिनं उरलेली शंकरपाळी बशीत काढली, स्टूल ओढलं आणि बशी माळ्याच्या कडेला ठेवली. वर बघून त्याला म्हणाली, "आम्ही नसतो तेव्हा तुझ्याकडे कोण येतं रे?"

मी ओट्याला धरून उभी. मनात म्हटलं, बाई, कुणी नाही गं येत...

आणि मोरीतून आवाज आला. ठक... ठकठक.

अगदी तसाच. एक लांब, दोन जवळजवळ. मिनू किंचाळली आणि येऊन माझ्या पदरात शिरली, हसतेय की घाबरलीय तिचं तिलाच कळेना. मग टॉवेलनं तोंड पुसत विजू बाहेर आला. "काय झालं रे?"

इतकी वर्षं वाटायचं, ह्याला काही कळलेलं नाही. मिनू निकमवहिनींना बातमी द्यायला पळाली तेव्हा विचारलं, कधीपासून माहीत होतं रे तुला.

"तिसरीत होतो. बाबा मोरीतून आले की छत्री ओली दिसायची, बाहेर तर कडक ऊन."

"आणि तरी घाबरायचास?"

"बाबांना मजा यायची ना, आई."

एवढं बोलून तो खुंटीकडे गेला. टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली, पुन्हा नीट अडकवली. मग स्टुलावर चढून बशीतली शंकरपाळी खायला लागला... चढायचं कशासाठी, बशी खाली घे की म्हटलं. म्हणाला, राहू दे, इथून बरं दिसतं.

निघायच्या दिवशी बॅगा दारात, खाली रिक्षावाला हॉर्न देतोय, आणि मिनू चपला घालून पुन्हा स्वयंपाकघरात. माळ्याकडे मान वर करून सांगते, बाय, आम्ही परत येऊ. मोरीतून ठक. तिनं विचारलं, कधी येऊ, तर आतून विजूच बोलला, आवाज जाड करून... "गौरी यायच्या आदल्या दिवशी. आणि आठ दिवस राहायचं."

बागुलबुवानं स्वतः तारीख दिल्यावर मी कोण नाही म्हणणार. चहाचे कप त्या दिवशी लगेच विसळले. ह्यांची छत्री कोरडी करून मोरीतच ठेवलीय, आणि कॅलेंडरवर गौरींच्या आदल्या दिवसाला लाल पेनानं गोल केलाय.