दहा मैलांची टेस्ट आणि उत्तमची टकळी

त्या वर्षी आमची पलटण राजस्थानातल्या एका छावणीत होती. मी हवालदार, बी कंपनीचा पीटी उस्ताद. पहाटे पाचला फॉल-इन, सव्वापाचला रनिंग, सातला परत. रविवार सोडून रोज. शंभरावर जवान माझ्या शिट्टीवर धावायचे आणि मला त्याचा भारी तोरा होता.

आता मी सुभेदार म्हणून निवृत्त होऊन यवतमाळला असतो. रविवारी सकाळी लोहारा रोडवर काही मंडळी माझ्यासोबत धावतात. त्यात रऊफभाई आहेत, स्कूटर मेकॅनिक. तहसीलमधले जोशी आहेत, ज्यांचे बूट त्यांच्यापेक्षा जास्त महाग आणि जास्त फिट आहेत. सगळे चाळिशी ओलांडलेले, हौशी, आणि पहिल्याच महिन्यात मॅरेथॉनची स्वप्नं बघणारे. त्यांना मी म्हटलं, हळू धावा, दर आठवड्याला थोडंच वाढवा, आणि धावताना शेजारच्याशी गप्पा मारा. हळू धावणं सगळ्यांना लगेच पटलं. गप्पांवर मात्र जोशी हसले. म्हणाले, "सुभेदार साहेब, फौजेत गप्पा मारत धावतात काय?"

नाही धावत. म्हणूनच हे लिहायला बसलो.

नाईक उत्तम चव्हाण दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. मी नेरचा. फौजेत एका जिल्ह्याचा माणूस म्हणजे घरचाच. अंगाने ठेंगणा, पिंडऱ्या दणकट, वेग बेताचा. आणि तोंड? ते कधी मिटलेलं मी पाहिलं नाही. कंपनीच्या सगळ्यात मागे धावायचा आणि शेजारच्याला गावाकडच्या गोष्टी सांगत राहायचा. बायकोने पाळलेली बकरी, सासऱ्याचा कान, तांड्यावरचं भांडण. केरळचा एक जवान होता, त्याला मराठीचा एक शब्द कळत नसे. उत्तम त्यालाही सांगायचा.

"चव्हाण, तोंड बंद! श्वास वाचव," मी ओरडायचो.

"उस्ताद, पाय धावून राह्यले ना? मंग तोंडाले कायचं वझं?"

सगळी लाइन हसायची. मलाही हसू यायचं, पण उस्तादाने हसायचं नसतं.

त्या साली उत्तमची हवालदारकीची केडर, म्हणजे बढतीचा कोर्स, होती. केडरमध्ये दहा मैलांची टेस्ट. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, दोन तासांत यायचं. दोनदा नापास झाला होता. ही शेवटची संधी. हुकली तर नाईकचा नाईक म्हणून घरी. कापसाचे ते पडते दिवस. त्याचा थोरला भाऊ दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यात होता आणि जिनाचा हंगाम आखडत चालला होता. सारं घर उत्तमच्या खांद्याकडे बघत होतं, हवालदाराच्या तिसऱ्या फितीची वाट बघत. मी ठरवलं, याला पास करायचंच. सहा महिने त्याला वेगळा पळवला. वाळूत, चढावर, पिठ्ठू घालून. खरं सांगतो, सख्ख्या भावासाठी इतकं केलं नसतं.

पोळ्याला तो सुट्टीवर गेला. टेस्टच्या दोन दिवस आधी परत आला. दीड दिवसाचा रेल्वेचा प्रवास, तोही उभ्याने. आल्या आल्या माझ्या हातात जवसाच्या चटणीचा डबा ठेवला.

"कापूस कसा आहे?" मी विचारलं. आमच्या भागातला प्रत्येक जण तेव्हा हेच विचारायचा.

"झाडाले बोंडं हायत, उस्ताद. माणसाच्या तोंडाले रंग नाही." मग बकरीला दोन पिल्लं झाल्याचं सांगत बसला.

टेस्टच्या सकाळी हवा कोंदट होती. रात्री पाऊस शिंतडला होता, वारा नव्हता. ०५१५ला सुरुवात. मी उमेदवारांसोबत स्टॉपवॉच घेऊन, मागे अॅम्ब्युलन्स, तिच्यात वायरलेस सेट. निघण्याआधी मी उत्तमला बाजूला घेतलं.

"आज एक शब्द बोलायचा नाही. कळलं?"

"हो जी, उस्ताद."

निघाल्यापासूनच त्याने हुकूम मोडला. बकरीची पिल्लं, त्यांची नावं, एक काळं, एक ठिपक्यांचं. मी दोनदा दटावलं. पण वेळ चांगली होती. साडेसहा मैलांना तो एकदम गप्प झाला. घड्याळ पाहिलं, ०६२८. आजवर कधी नव्हता इतका पुढे होता. मनात म्हटलं, चला, शेवटी सुधारला. मनापासून धावतोय.

हीच माझी चूक. फौजेतली सर्वांत मोठी चूक, आणि तिच्यासाठी मला कुणी शिक्षा केली नाही.

"शाबास, चव्हाण! असाच!" मी म्हणत राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर माझ्यावर नव्हती. तीही मला एकाग्रताच वाटली. नवव्या मैलाच्या दगडापाशी त्याचे पाय आडवे पडायला लागले. रस्ता सोडून तो बाभळीकडे वळला. मी हाक मारली. ०६५८ला तो खाली पडला. अंगाला हात लावला तर तव्यासारखं.

मी मागे हात करून गाडी बोलावली. गाडीतला ऑपरेटर सेटवर हॉस्पिटलशी बोलू लागला.

"एक जवान डाउन. माइलस्टोन नऊ. हीट स्ट्रोक. ओव्हर."

"पाणी टाका. कपडे काढा. घेऊन निघा. आउट."

होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या त्याच्यावर ओतल्या. गाडीत मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "उत्तम, बोल," म्हणत होतो. "पिल्लांचं सांग. अरे सांग ना." मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ११२० वाजता तो गेला. टेस्टच्या कागदावर त्याच्या नावापुढे वेळेचा रकाना कोरा आहे.

तर जोशी, तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग कमी करा, लाज बाळगू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी सातनंतर धावणं म्हणजे मर्दुमकी नाही, मूर्खपणा आहे. प्रवासातून आलात, झोप नाही, पोट बिघडलंय, तर त्या दिवशी घरी बसा. खिशात कांदा ठेवून काही होत नाही, मीठ-साखरेचं पाणी प्या. आणि सोबतचा बोलका माणूस गप्प झाला, किंवा विचारलेलं एक आणि उत्तर भलतंच दिलं, तर घड्याळ फेका आणि त्याला सावलीत बसवा. आधी अंगावर पाणी, मग गाडी शोधा. परवा रऊफभाई गप्प झाले तेव्हा मी सगळ्यांना थांबवलं. ते गॅरेजमधल्या कार्बुरेटरचा विचार करत होते. सगळ्यांनी मला हसून घेतलं. हसा. मी पुन्हा थांबवीन.

शवपेटीसोबत त्याच्या गावी मीच गेलो होतो. तेव्हा गर्दी होती, बोलणं झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत परत तांड्यावर गेलो. उत्तमच्या बायकोने, सुमनवहिनींनी, खाटेवर बसवलं. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, जाताना काही बोलले काय ते?"

मी बसमध्ये एक उत्तर तयार केलं होतं. तुमचं नाव घेतलं, असं सांगणार होतो. जमलं नाही.

"नाही, वहिनी. मीच त्याला गप्प केलं होतं. बोलू नको म्हणून दम दिला होता. माझं ऐकून तो गप्प बसला, आणि मला वाटलं चांगलं धावतोय."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"तुमाले वाटते तुमी सांगतलं म्हणून गप बसले? बारा वर्सं झाली लगनाले. मी सांगून थकली, सासू सांगून थकली. एक डाव आयकलं नाही त्याईनं कोणाचं. बोलता येत असतं तर ते बोललेच असते, भाऊजी."

मी मान खाली घालून रडलो. त्यांनी रडू दिलं.

नाईक उत्तम चव्हाण, बी कंपनी. तो लढाईत गेला नाही, म्हणून पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. मी ते इथे लिहून ठेवतो.